दोर कुणाला दिलास

माझा धंदाच संशयाचा आहे. बोटी आपटतात, बुडतात, कधी जळतात. मालक विमा कंपनीच्या दारात रडत येतात आणि मग नक्की काय झालं ते बघायला कंपनी मला पाठवते. या कामात एक गोष्ट कळली, की समुद्राला लोक उगाच बदनाम करतात. दहातल्या आठ अपघातांच्या मुळाशी एक दोर असतो, उरलेल्या दोनांत बाटली. लोक मला राक्षसी लाटांच्या कहाण्या सांगतात आणि मी त्यांच्याच बोटीच्या पंख्यात अडकलेला त्यांचाच दोर कापून त्यांच्या हातात देतो. म्हणून ही हकीकत सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी त्याचा दावा नामंजूर केला असता.

बाबांना हिवाळ्यात झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचे, शब्द अर्धे बाहेर पडायचे आणि उरलेले तोंडातच राहायचे. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी अंगणातून डाव्या हातानं बंदराकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची बोट होती, ‘पेरिना’. लाकडी, एका शिडाची, आमच्या बेतिना गावातच बांधलेली, आईचं नाव दिलेली. झाग्रेबहून माझी बहीण यास्ना फोनवर म्हणाली, "लोव्रे, तुला वेड लागलंय का?" आईनं मात्र वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "घेऊन जा ह्यांना. पण परत आण. जे व्हायचं ते इथे, ह्यांच्या खाटेवर होऊ दे." मी तिला शब्द दिला.

बोटीवर आम्ही चौघं: मी, बायको तिहाना, अकरा वर्षांची मुलगी निका, आणि डोलकाठीला उशी लावून टेकवलेले बाबा. पाश्मानच्या सामुद्रधुनीत दुपारचा वारा नेहमीसारखा वेळेवर उठला. तिहानानं भाजलेल्या तारल्यांवर तेल ओतलं, निकानं आजोबांच्या, तिच्या नोनोंच्या, टोपीला गाठ मारून ती त्यांच्या हनुवटीखाली बांधली. बाबा इतके खूश होते की मला रडू आवरेना. वारा डोळ्यांत गेला असं मी सांगितलं.

संध्याकाळी इझ बेटावर पोचलो. आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. बोट धक्क्याला लागायला आली की धक्क्यावर जो कुणी असेल तो हात पुढे करतो आणि तुम्ही त्याला दोर देता. तो ओळखीचा की वैरी, हे बघायचं नसतं. तो खुंट्याला दोर बांधतो, तुम्ही त्याला ग्लासभर पाजता, झालं. दोर न देणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. आणि माझ्या बापानं जन्मभर नेमकं तेच केलं. बोट लागायच्या आत ते स्वतः दोर घेऊन उडी मारायचे; कुणी हात पुढे केला तरी त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. बंदरावर त्यांची टर उडायची. "यादरे मेला ना, तर पेटी खड्ड्यात सोडायचे दोरसुद्धा स्वतःच धरून बसेल," असं म्हणायचे. लहानपणी मला याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

त्यामुळे इझच्या धक्क्यावर करड्या स्वेटरमधला एक माणूस हात पसरून उभा दिसला, तेव्हा मी अगदी मनापासून त्याला दोर दिला. त्यानं वाकून बांधला. मी इंजिन बंद करून ग्लास घेऊन वर आलो तोवर तो निघून गेला होता.

बाबा डाव्या हातानं फळीवर थापा मारत होते.

"कुणा... कुणाला दिलास?"

"होता कुणीतरी, बाबा. गावातला."

"दोर... नाही. नाही द्यायचा."

"बरं, उद्यापासून तुम्ही मारा उडी," मी म्हणालो. तिहानानं मला कोपर मारलं. सकाळी दोर सोडायला गेलो तर गाठ इतकी घट्ट, की स्क्रू ड्रायव्हर खुपसून सैल करावी लागली. रात्रभर पाण्याला न लागलेला दोर गाठीपाशी भिजलेला होता आणि विहिरीतून काढल्यासारखा गार.

दुसऱ्या संध्याकाळी मोलात बेटावर. धक्क्यावर करडा स्वेटर. ऑगस्टमध्ये, जेव्हा कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, तळवे वर केलेले. माझा हात सवयीनं फिरला आणि दोर गेला.

"कालचाच होता ना तो?" तिहानानं विचारलं.

"फेरीबोटीनं आला असेल."

"तुझा दोर घ्यायला? इतका देखणा नाहीस तू."

मी हसलो, पण एक गोष्ट मला खटकत होती. माणसाचा चेहरा लक्षात ठेवणं हे माझं काम आहे. साक्षीदारानं मिशी काढली तरी मी त्याला ओळखतो. या माणसाचे मला फक्त हात आठवत होते. मी समोरच्या खानावळीत गेलो. मालकीण दारातच मटार सोलत होती, धक्का तिच्या नाकासमोर. मी विचारलं, आमचा दोर घेणारा तो कोण?

"घेणारा?" ती म्हणाली. "तुम्हीच फेकलात की. थेट खुंट्यात बसला. मी नवऱ्याला म्हटलं, असा नेम जन्मात बघितला नाही."

त्याच्यासाठी आणलेला ग्लास मी स्वतःच पिऊन टाकला.

बोटीवर परतलो तेव्हा बाबा जागेच होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, "बाबा, का नाही द्यायचा दोर?"

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "माझ्या... बापानं दिला होता."

"मग?"

त्यांनी मान पाण्याकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि या वेळी वारा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी धक्काच नको असं ठरवलं. मोलातच्या पलीकडे एका ओसाड बेटाची खाडी आहे, माणूस नाही, नुसत्या मेंढ्या. भर दुपारी तिथे नांगर टाकला. अशा ठिकाणी मागून एक दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधतात. मी तोही बांधला नाही. मागच्या पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं.

"बाबा, ते काका," निका म्हणाली.

तो खडकावर उभा होता. हात पुढे. उन्हात त्याच्या मागे मेंढ्या चरत होत्या आणि एकीनंही मान वर केली नाही.

"मेंढपाळ असेल," तिहाना म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की मला तिची भीती कळली.

"त्यांना दोर हवाय," निका म्हणाली. "देऊ?"

"नाही." मी इतक्या जोरात ओरडलो की पोर रडायला लागली. माझ्या तोंडून बाबांचा आवाज निघाला होता.

सकाळी उठलो तर बोट मागून खडकाला बांधलेली होती. आमचाच दोर, पांढऱ्यात निळा धागा असलेला. पेटीचं कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या खिशात. मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं: निकाचे केस कोरडे, टॉवेल कोरडे, शिडी वर ओढलेली. शेवटी सुरी काढली आणि दोर बोटीजवळ कापला. कापलेलं टोक पाण्यात पडलं आणि हळूहळू किनाऱ्याकडे गेलं, कुणीतरी सावकाश गुंडाळून घेत असल्यासारखं. मी घाबरलो. असं घाबरणं मला माहीतच नव्हतं.

"घरी," तिहाना म्हणाली. "कुठेही न थांबता."

पण दुपारपर्यंत दक्षिणेचा वारा, यूगो, उठला. आकाश शिशासारखं खाली आलं, लाटा लांब आणि जड झाल्या, बाबांचे ओठ निळे पडायला लागले. त्यांना कुठेतरी कोरड्यात न्यावंच लागणार होतं. सर्वांत जवळ रावा बेट होतं. मी इंजिन लावलं. ते थोडं चाललं, गुदमरलं आणि बंद पडलं. मी मागून लोंबकळून खाली बघितलं. पंख्याला दोर गुंडाळला होता. पांढरा, निळ्या धाग्याचा. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी किनाऱ्यावर जाताना पाहिला होता.

म्हणजे शिडावर आत जायचं. वारा पाठीमागून, बंदर चिंचोळं, पुढे उघडे खडक. संधी एकच. धक्क्याच्या टोकाशी दोर अडकला तर वाचलो. असल्या हवेत गावातलं चिटपाखरू बाहेर नव्हतं.

तो होता.

निका दुसरा दोर घेऊन पुढच्या टोकाला उभी होती. तिहाना शिडाशी झुंजत होती. सुकाणू सोडणं मला शक्य नव्हतं.

"मी उडी मारते," निका ओरडली. "नोनो मारायचे तशी."

बोट आणि भिंत यांच्यामधलं अंतर लाटेसरशी उघडत होतं आणि मिटत होतं. त्या फटीत सापडलेल्या पायांचं काय होतं, त्याचे फोटो माझ्या कपाटात आहेत.

"उडी नाही. दोर त्याला दे," मी ओरडलो. "निका, दे त्याला."

तेव्हा बाबा उठले.

कुणाचा आधार न घेता उठले. पाय ओढत पुढे गेले, निकाच्या हातातून डाव्या हातानं दोर काढून घेतला, तिला मागे ढकललं. एकदा वळून माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते. मग घरच्या उंबऱ्यावरून जावं तसे धक्क्यावर गेले.

धक्क्यावर दोन माणसं होती.

लाट भिंतीवर फुटली. सगळं पांढरं झालं.

पाणी ओसरलं तेव्हा एकच होता.

बाबांचा शर्ट, बाबांची टोपी. तो खुंट्याशी वाकून दोर बांधत होता. दोन्ही हातांनी.

बोट थांबली. तो सरळ उभा राहिला, आमच्याकडे बघून हसला आणि स्वच्छ, अखंड शब्दांत म्हणाला, "या. पाय जपून टाका, ओलं आहे."

त्यानं तिहानाला हात दिला. निकाला दिला, तेव्हा तिनं हात पाठीमागे नेले. मी धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेलो, पाण्यात बघितलं, भिंतीच्या मागे बघितलं. कुणी नव्हतं. तो शांतपणे उभा राहून माझी वाट बघत होता. वारा पडल्यावर त्यानंच पाण्यात उतरून पंख्यातला दोर सोडवला.

आम्ही घरी आलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं सांगता येत नाही, कधी कधी धक्क्यानंही सुधारणा होते. यास्ना फोनवर आनंदानं रडली, माझी माफी मागितली. शेजारी म्हणाले, समुद्रानं यादरेकाकाला पुन्हा तरुण केला. सगळ्यांची नावं त्याला माहीत होती. ऑलिव्हची कुठली फांदी कधी कापली, तेही. मी मनाशी म्हटलं, लोव्रे, तुझ्यापुढे पुरावा आहे: चालतो, बोलतो, जेवतो. दोघं दिसले ते पाण्याच्या तुषारांत दिसले. मी स्वतःला पटवत होतो आणि ते जमतही होतं. निका मात्र आजीकडे यायला तयार नव्हती.

सप्टेंबर संपताना मी एकटाच आईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. कोपऱ्यात एक घडीची खाट होती, तिच्यावर तिची उशी. मागच्या अंगणात लाकडं फोडल्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थकणारा.

"इथे झोपतेस?" मी विचारलं.

"खोली त्याला दिली आहे." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "माणूस चांगला आहे रे. कष्टाळू आहे. जेवल्यावर ताट उचलतो, मला थँक्यू म्हणतो. मी त्याला काही बोलत नाही, त्याची काय चूक."

तिनं ओले हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि माझा हात धरला.

"पण आता पुरे झालं, लोव्रे. पावसाळी वारे सुरू झाले, थंडी पडेल. ह्यांना घेऊन ये. नुसत्या शर्टावर उभे आहेत तिथे धक्क्यावर."

अंगणातला कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता.