भंगारातला भोंगा

मी चारच बुकं शिकलेला माणूस. सजवून सांगता येत नाही, आणि येत असतं तरी सांगितलं नसतं.

काम साधं होतं. ऑफली परगण्याच्या दलदलीतले रूळ उचलून आणायचे. मी आणि मेव्हणा लोर्कन, दोघांनी जन्मभर याच रुळांवरून पीट वाहिलं. ती काळी माती वाळवून वीजघरात जाळायची. वीज डब्लिनला, राख आमच्या छातीत. अख्खं गाव वीजघराच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं. चार वर्षांपूर्वी वीजघर बंद झालं, चिमणी पाडली. भोंगा मीच भंगाराच्या ट्रकात चढवला.

दुपारी धुकं उतरलं. रूळ वाहायला आणलेल्या इंजिनाचं नाक दिसेना. रूळ दलदलीकडून उचलत गावाकडे परतायचं, अशी रीत. धुक्यात आम्ही उलटं केलं. गावाकडचेच उचलत गेलो. ध्यानात आलं तेव्हा परतीच्या वाटेवर नुसता चिखल, माणूस गिळेल असा. उरलेले रूळ आत, दलदलीत जाणारे.

"भावोजी, चाळीस वर्षं काढलीत इथं, आणि गाव कुठं ते कळेना?"

"पान्हा तुझ्या हातात होता ना रे गाढवा?"

धुक्यात अडकलं तर आमच्याकडे एकच नियम. हलायचं नाही. भोंगा झाला की आवाजाच्या दिशेनं चालायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बसलो. मग धुराचा वास आला, जळत्या पीटचा, ओलसर.

आणि भोंगा झाला.

लोर्कन उठला. "चला, जेवायची वेळ झाली."

"अरे, भोंगा नाहीये तिथं... मी स्वतः चढवलाय ट्रकात."

"पण वाजतोय ना... तुम्हाला ऐकू येत नाही?"

येत होता. पण गावाकडून नाही. आतून, जिथं तळ लागत नाही तिकडून. माझेही पाय इंजिनाच्या पायरीवर आले होते, मला न विचारता. मी लोर्कनचा पट्टा धरला, मागच्या मालडब्याची साखळी त्यात ओवली आणि इंजिनाला अडकवली. दुसरं टोक माझ्या कमरेला. तो शिव्या देत होता, रडत होता.

आमच्या दोन्ही बाजूंनी बूट चालत होते. चपक, चपक. पुष्कळ. सगळे एकाच दिशेनं. एकजण खोकला... पीटच्या धुळीचा खोकला, आमच्या सगळ्यांना आहे तो.

संध्याकाळी धुकं विरलं. गावकऱ्यांनी फळ्या टाकून आम्हाला काढलं.

तेव्हापासून लोर्कन आमच्याकडेच राहतो. धुकं पडलं की बायको त्याला खोलीत घालते, मी कुलूप लावतो. खिडकीला गज ठोकलेत. किल्ली माझ्या खिशात. तो आतून दार बडवतो, "भावोजी, उशीर होतोय..." मी ऐकत नाही.

काल धुकं होतं. लोर्कनचा आवाज नव्हता. संध्याकाळी कुलूप काढलं. तो शांत झोपला होता. पाय गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेले.

हात लावला. राख गरम होती.