तिसरे वाक्य

सुज्ञ वाचकहो, आमच्या कुटुंबावर जो विलक्षण प्रसंग ओढवला आहे, तो मी येथे यथामती निवेदन करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि व्यवसाय कुलूप-किल्ल्यांचा. तेव्हा भाषेतील उणिवांची क्षमा असावी. मात्र यातील एकही शब्द खोटा नाही.

आमची एकुलती एक कन्या, घरातली ठकू, परदेशी एका दुर्गम गावी लहान मुलांना इंग्रजी शिकविण्याच्या विनामूल्य सेवेसाठी गेली होती. तिकडे फोन क्वचितच लागे. एकदा लागला तेव्हा ती हसत म्हणाली, "बाबा, पोरं भारी चलाख आहेत. मी बोलायच्या आधीच म्हणून मोकळी होतात!"

"बरं झालं, तुला शेरास सव्वाशेर कोणीतरी भेटलं," मी म्हणालो.

पुढे तिच्या मातेने अंथरूण धरले. डॉक्टरांनी आशा सोडली. तिला पाठविणाऱ्या संस्थेकडे ठेवलेल्या निरोपांना उत्तर येईना. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन कान धरून आणल्याशिवाय ती यायची नाही. मी थांबते तोवर."

मेहुणीला तिच्या उशाशी बसवून मी निघालो.

शाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. ठेंगणी बाके, खडूची धूळ, ओल्या लोकरीचा वास. ठकू फळ्यापाशी उभी होती. गालफडे बसली होती. चित्राचे कार्ड ती स्वतःच्या छातीशी उलटे धरी. मुले इंग्रजीत एक शब्द उच्चारीत. तोच शब्द ती थकलेल्या स्वरात म्हणे आणि मग कार्ड फिरवी. चित्र तेच असे.

सुट्टीची घंटा झाली, तरी मुले हलली नाहीत. हाताची घडी घालून बसून राहिली.

"परवा पोरं म्हणाली, खिडकी फुटली," ठकू माझ्या कानाशी कुजबुजली. "सवयीने मीही म्हटलं. आणि फुटली, बाबा. काल म्हणाली, चेंडू पडला. मी गप्प बसले. तो बघा."

टेबलाच्या काठावर एक रबरी चेंडू निम्म्याहून अधिक बाहेर झुकलेला होता. मी बोट लावले. तो थरथरला, पडला नाही. अडकलेल्या वस्तू सोडविण्यात माझा जन्म गेला आहे. खाली ना गोंद होता, ना खिळा.

मी बोलण्यासाठी वळलो. त्याच क्षणी सर्व मुले माझ्याकडे पाहून एका सुरात, स्वच्छ मराठीत म्हणाली, "ठकू, सामान आवर."

मी तेच बोलणार होतो. तेच बोललो.

"आईने तुला बोलावलंय."

हेही त्यांच्या मागोमाग माझ्या मुखातून गेले.

पुढच्या बाकावरील, दुधाचे दात पडलेल्या मुलीने श्वास घेतला. सर्वांनी घेतला.

"आई गेली."

माझे ओठ उघडले. 'आ' बाहेर पडलाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबले.

"बाबा, म्हणू नका!" ठकू किंचाळली.

मी म्हटले नाही.

मुले वाट पाहत राहिली.

आम्ही घरी पोहोचलो, तेव्हा सौभाग्यवती हयात होती. लेकीला कुशीत घेऊन ती मला म्हणाली, "जन्मभर बडबड करून डोकं उठवलंत, आणि आता मौन होय?"

पाणी देऊ का, असे विचारण्यास मी तोंड उघडले. जीभ त्या तिसऱ्या वाक्याकडेच वळली. अंथरुणावर तिचा श्वास मध्येच अडकला. मी ओठ मिटले, श्वास सुटला. तेव्हापासून मी मुका आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ठकूने तिला शाळेतले सारे सांगितले आहे. आता तिच्या वेदनांना सीमा उरलेली नाही. अन्न जात नाही. अंग थंडगार पडले आहे. "अहो, नाही सोसवत," ती म्हणते. "एकदाचं बोला ना."

ठकू माझ्या पायांवर डोके ठेवते. "बाबा, म्हणा."

मी मान हलवितो. मला ती हवी आहे.

आज सकाळी डॉक्टरांनी बराच वेळ तिची नाडी शोधली. छातीला नळी लावली, पुन्हा लावली. मग डोळ्यांवरून हात फिरवून त्यांनी तिच्या पापण्या मिटविल्या, चादर तोंडावर ओढली आणि माझ्या खांद्यावर थोपटून ते निघाले.

चादरीखालून आवाज आला, "अहो, डॉक्टरांना चहा तरी विचारलात का?"

वाचकहो, आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
चावीदादा