हिरव्या पेन्सिलीच्या तारखा

धाकटी पन्नाशीला टेकली होती, तरी घरात ती धाकटीच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ती जुन्या पुस्तकांची डागडुजी करायची. खोलीत सरसाचा वास, एक दाबयंत्र, एक उंच खिडकी आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची आईची. बाबा गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून आई रोज दुपारी तिथं येऊन बसायची.

त्या सोमवारी, सहा जुलैला, आईनं पिशवीतून बाबांचं पुस्तक काढलं. जाडजूड, पाठ मोडलेली. लूथरन पंथातल्या जुन्या ख्रिस्ती पंडितांचे कृपेवरचे आणि विश्वासावरचे लेख एकत्र बांधलेले.

"एवढं नीट करून दे," आई म्हणाली. "ह्यांचं अर्धंच राहिलं बघ."

अर्धं राहिलं होतं हे डोळ्यांनीच दिसत होतं. पुस्तक जुन्या धाटणीचं. छापलेला मोठा कागद घडी घालून तसाच शिवलेला, वाचणाऱ्यानं कडा सुरीनं कापत पुढे जायचं. बाबा दर शनिवारी एक घडी कापायचे, एकच. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा घेऊ नये, असं म्हणत. वाचून झालं की समासात हिरव्या पेन्सिलीनं तारीख आणि एक छोटं वर्तुळ. कळलं, पण आत पोचलं नाही, तर वर्तुळ रिकामं. पोचलं तर भरलेलं.

धाकटीनं शेवटची कापलेली घडी उघडली. दोन मे. वर्तुळ रिकामं. मागची वर्तुळं पाहिली, तीही रिकामीच.

चाळीस वर्षं चर्चचे पाळक म्हणून बाबांनी मंडळीला एकच गोष्ट पढवली होती. ख्रिस्त पाप्यांसाठी मेला हे सैतानालाही ठाऊक आहे. त्यात त्याचं काही भलं होत नाही. 'तुझ्यासाठी' हे ऐकणं अवघड, आणि ते स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही, दुसऱ्याच्या तोंडून यावं लागतं. मग सात मेला, इस्पितळात, दुसरे पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन आले. 'तुझ्यासाठी' म्हणाले. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी ते गेले.

आईनं हे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. धाकटीनं एकदा छेडलं, तेव्हा म्हणाली होती, "प्रभूच्या ज्या मेजाकडे ह्यांनी पाठ फिरवली, तिथं मी कोणत्या तोंडानं जाऊ? विश्वास सुटून हे गेले असतील, तर मला एकटीला तिकडे जाऊन काय करायचंय?"

दहा घड्या न कापलेल्या उरल्या होत्या. शिवण तपासायला धाकटीनं पहिली घडी खालून जरा फुगवली, आणि आत डोकावली. आत हिरवं काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं, समोरच्या पानाचा रंग उतरला असेल. भिंग लावून कडा पाहिली. कागद सलग, वरची धूळ जशीच्या तशी. आपले डोळे तपासायला झाले असतील, असंही मनात आलं. मग तिनं हाडाची सुरी घेतली आणि कडा अलगद कापली.

नऊ मे. रिकामं वर्तुळ. नऊ लिहिताना शेपटी लांब ओढायची ही बाबांची खोड होती.

बाबा गेल्याला तेव्हा दोन दिवस झाले होते.

"आई, हे पुस्तक कोणाच्या हातात गेलं होतं का?"

"कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. का गं?"

धाकटीला भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते निराळंच. लहानपणी बाबांच्या अभ्यासिकेच्या दाराला कान लावायची, तसलं कुतूहल. तिनं दुसरी घडी कापली. सोळा मे. तेवीस. तीस. सगळे शनिवार, सगळी वर्तुळं रिकामी. वीस जूनला वर्तुळाच्या तळाशी थोडं हिरवं भरलेलं. सत्तावीसला अर्धं.

आता आईही उठून शेजारी आली होती. तिनं तारखा पाहिल्या आणि टेबलाची कड धरली. तिचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा. सही करायची तरी अंगठा उमटवावा लागे.

"पुढची काप," ती म्हणाली.

चार जुलै. परवाचाच शनिवार.

त्या पानावरच्या लेखात म्हटलं होतं, की विश्वास म्हणजे मुठीचा जोर नव्हे. भिकाऱ्याचा हात थरथरत असला, म्हणून त्यात पडलेली भाकर कमी होत नाही. तोंड फिरवणाऱ्यालाही देणारा हात तसाच पुढे असतो.

समासातलं वर्तुळ गच्च भरलेलं होतं. इतकं दाबून, की कागदाला मागून फुगवटा आला होता. खाली दोन शब्द: "माझ्यासाठी. पोचलं."

आईनं त्या शब्दांवरून बोट फिरवलं. मग रडता रडता हसली.

"मेलं जन्मभर प्रत्येक ठिकाणी उशिरा," ती म्हणाली. "इथंही दोन महिने लावले."

धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं. हे कसं झालं, ते तिला विचारायचंही नव्हतं.

"या रविवारी जाते मी मेजाकडे," आई म्हणाली. "तू हात धरून ने मला." आणि खुर्चीत जाऊन बसली.

एक घडी उरली होती, शेवटची.

धाकटीनं सुरी लावली नाही. नुसती खालून फुगवून आत पाहिलं.

अकरा जुलै. येता शनिवार.

दोन वर्तुळं, एकमेकांना चिकटून. दोन्ही भरलेली.

एकाखाली बाबांचं अक्षर. दुसऱ्याखाली तिरकं, ठाशीव, आईचं. वळण दोन वर्षांपूर्वीचं, हात चांगला होता तेव्हासारखं.

तिनं घडी मिटली. पुस्तक दाबयंत्रात ठेवून चाक फिरवायला घेतलं.

"शेवटची राहू दे तशीच," मागून आई म्हणाली. "शनिवारी मी कापीन."

धाकटी वळली. आई खिडकीतून बाहेर बघत होती. उजवा हात मांडीवर होता, अगदी स्थिर.