बेटावरचे तोतये

हिंजवडीच्या पडताळणी प्रयोगशाळेत हेरंब रेगे तोतये पकडत. तोतया म्हणजे ऑनलाइन खेळात खात्याच्या मालकाच्या जागी खेळणारी चोरटी प्रणाली. ती कोण बनवतं, मालकाबद्दल शिकलेलं कुठे साठवतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती, कारण उघडी पडलेली प्रणाली त्याच दिवशी पकडली गेली असती. तरी लाखो शहाणी माणसं तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत.

त्या शहाण्यांत खुद्द रेगेही होते. बायकोच्या आजारपणात त्यांचं आणि मुलीचं, ऊर्मीचं, बिनसलं होतं. फोन थांबले होते. ‘बेट’ नावाच्या खेळात संध्याकाळी भेंडीचे वाफे शिंपताना चार शब्द होत, तेवढंच नातं उरलं होतं. कामाच्या रगाड्यात तेवढीही सवड मिळेना, तेव्हा रेग्यांनी गुपचूप आपल्या जागी तोतया बसवला.

एके दिवशी त्यांची सहकारी अश्लेषा तांडेल नवी चाचणी घेऊन आली.

“सर, माणूस चुकतो म्हणून आपण इतके दिवस चुका शोधत बसलो, तिथेच फसलो. तोतया मालकाच्या चुकाही शिकतो. पण त्याच्याकडे असतं ते सगळं जुनंच. मालक जे कधी बोलला नाही, ते तो बोलत नाही. सवय मोडली, की समजायचं माणूस आहे. खात्रीनं माणसाचं असेल असं एखादं खातं द्या, ताडून बघू.”

खात्यांवर नावं नसत. रेग्यांनी ऊर्मीचं खातं दिलं.

“तोतया आहे, सर. दोन वर्षं झाली.”

रेग्यांना आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. दोन तोतये एकमेकांची भेंडी शिंपत होते आणि बापलेक आपापल्या जागी निर्धास्त होते.

“मागच्या महिन्यात फक्त एकदा माणूस आला होता. हे बघा.”

पडद्यावर ऊर्मीचे दोन शब्द होते: ‘जाते, बाबा.’

रेगे पडद्यापुढे वाकले. त्यांच्या घरात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नसे. ऊर्मी लहानपणी एकदा तसं म्हणाली, तर आईने तिला चपला काढायला लावून परत बसवलं, ‘येते’ म्हणवून घेतलं आणि मगच शाळेत सोडलं. हा शब्द वाचून बाप धावत येईल, याची ऊर्मीला खात्री होती. त्याखाली रेग्यांच्या तोतयाचं नेहमीचं उत्तर होतं: ‘ये हं. सावकाश.’

त्यांनी तिचा नंबर लावला. तो दूर अंतराळात वस्ती करायला निघालेल्या वसाहतयानाच्या कचेरीत लागला.

“त्या शीतनिद्रेत आहेत,” तिकडचा माणूस म्हणाला. “सूर्यमालेच्या कडेला पोचल्यावर, चाळीस वर्षांनी जाग्या होतील. शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करायची मुभा होती. घरी एकदा विचारते, म्हणाल्या होत्या.”

ऊर्मीचं खातं नमुना म्हणून चालू ठेव, असं रेग्यांनी अश्लेषाला सांगितलं. आपला तोतया काढून टाकला आणि रोज स्वतः बेटावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘ऊर्मी, चुकलो गं.’ समोरची ऊर्मी नुसती उभी राहिली. हे वाक्य तिच्या तोतयाने कधी ऐकलंच नव्हतं. मग त्यांनी लिहिलं, ‘भेंडीला पाणी घातलंस?’

‘घातलं की, बाबा. तुम्ही गवत काढा.’

रेगे घळाघळा रडले. त्यानंतर त्यांनी एकही नवा शब्द लिहिला नाही.

काही महिन्यांनी चाचणी सगळ्या खात्यांना लागू झाली.

“सर, आपल्या नमुन्याबरोबर रोज खेळणारं खातं आहे ना, तेही तोतयाच निघालं,” अश्लेषा म्हणाली. “मधे एक दिवस माणूस आला होता. त्यानंतर एक शब्द नवा नाही. बंद करते.”

“थांब. तो मी आहे.”

अश्लेषा दचकली. “तोतया तुमचा आहे?”

“होता. आता नाही. रोज मीच असतो गं, स्वतः.”

 पकडला गेलेला प्रत्येक जण हेच सांगतो, ऐकून घ्यायचं आणि खातं बंद करायचं, हे अश्लेषाला रेग्यांनीच शिकवलं होतं. तिने ऐकून घेतलं.