चढावरचं गरम इंजिन

चढ अर्धा संपला आणि पिकअपचं इंजिन एक आचका देऊन गप्प झालं.

छोटीच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रेक दगडासारखा कडक, स्टिअरिंग जड, मागे रोपांच्या पिशव्या एकमेकींवर कलंडलेल्या. डावीकडे गुडघ्याएवढा कठडा आणि त्याच्यापलीकडे नुसती हवा. गाडी मागे सरकायला लागली... अगदी हळू, पण मागेच. तिने दोन्ही पाय ब्रेकवर दिले, हँडब्रेक ओढला आणि डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात मागून धप्प आवाज आला. गाडी थांबली.

"डोळे उघडा," खिडकीशी कोणीतरी म्हणालं. "चाकामागे दगड लावलाय. आता गाडी कुठे जात नाही. तुम्हीही जाऊ नका इतक्यात..."

तिने डोळे उघडले. पांढराशुभ्र शर्ट, त्यावर छातीपाशी दगडाची ताजी माती, आणि धापा टाकणारा एक तरुण. त्याची स्कूटर भर रस्त्यात आडवी पडली होती.

"तुमची स्कूटर पडलीय," छोटी म्हणाली. आभार मानायचं राहूनच गेलं.

"पडू दे. मागे तरी सरकत नाही ना!"

तिला हसायचं होतं, पण हसू यायच्या आधी रडू आलं. तो चटकन दुसरीकडे बघायला लागला. जणू कठड्याकडे बघणं फारच महत्त्वाचं होतं! छोटीला तेवढ्यानेच तो आवडून गेला, पण हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

"थंड झाल्यावर होते का चालू?" त्याने विचारलं.

"होते ना! तोच तर छळ आहे. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत अगदी शहाण्यासारखी वागते. मग ते म्हणतात, ताई, काही बिघाड नाही."

"क्रँक सेन्सर," तो म्हणाला. "इंजिन कसं फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. गरम झाला की मुका होतो, मग कॉम्प्युटर डिझेल बंद करतो. मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला असतो. आमच्याकडे आहे तो."

"आणि बसवणार कोण?"

"मी," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

छोटीचं घर म्हणजेच रोपवाटिका. बाबा रोपं वाढवत, दादा गिऱ्हाइकं बघे, आणि गावोगाव रोपं पोचवायचं काम छोटीचं. घरातलं ते एकच काम पूर्णपणे तिचं होतं. पण हल्ली दादाचं एकच पालुपद सुरू होतं. "दोष गाडीचा नाही, हिच्या पायाचा आहे. क्लच सोडता येत नाही!" सोमवारी तो गाडीला गिऱ्हाईक आणणार होता. एकदा पिकअप गेली की छोटी पुन्हा घरात, पाण्याचा पाइप धरून. आणि खरं सांगायचं तर छोटीला आता स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. चढ लांबून दिसला तरी तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. या स्कूटरवाल्याला मात्र तिथेच, इंजिन थंड होईपर्यंत, सगळं सांगून टाकलं.

रविवारी दुपारी काउंटरवाला आला. दुकानाला सुट्टी होती आणि शर्ट पुन्हा पांढराच होता.

"हा शर्ट घालून गाडीखाली झोपणार?"

"तुमच्याकडे यायचं होतं ना..." तो म्हणाला आणि मग घाईघाईने बॅटरीची तार काढायला लागला.

पोतं पसरून दोघं गाडीखाली सरकली. छोटीने टॉर्च धरला. त्याने प्लग सोडवला, बोल्टला पाना लावला. पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला.

"हात का थरथरतोय?"

"पाना गार आहे."

भर उन्हात पाना गार! छोटीच्या मनात पाल चुकचुकली. शेवटी बोल्ट निघाला, चिकटून बसलेला जुना सेन्सर डोलवत डोलवत बाहेर आला, आणि त्याने नवा आत सारला. तो पुरता बसेना. थोडी फट राहत होती.

"बोल्ट आवळला की बसेल," तो म्हणाला.

"थांबा." छोटीने जुना सेन्सर उजेडात धरला. "नव्याला रबरी रिंग आहे. याला नाही. मग याची रिंग कुठे गेली?"

त्याने पाना खाली ठेवला. चेहरा पार उतरला होता.

"आतच राहिली असणार. मी बोल्ट आवळला असता तर सेन्सर फुटला असता." "मी आजवर एकही सेन्सर बसवलेला नाही. विकलेत भरपूर. डबा बघून गाडी ओळखतो... पण हात कधी लावला नाही."

छोटीच्या अंगावर काटा आला. याच गाडीत बसून ती तो चढ चढणार होती!

"मग त्या दिवशी 'मी' का म्हणालात?"

"दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो आला असता इथे. मी कशाला आलो असतो?"

राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाला कुठून तरी गुदगुल्या होत होत्या, त्याला छोटीचा इलाज नव्हता. ती सरपटत बाहेर गेली आणि रोपं बांधायची तार घेऊन आली. टोकाला बारीक आकडा केला, भोकात घातला आणि श्वास रोखून फिरवला. काळी, चपटी झालेली रिंग आकड्याला लटकत बाहेर आली. नवा सेन्सर टक्कन बसला.

बोल्ट आवळला, प्लग आणि बॅटरीची तार जोडली, आणि गाडी अंगणातच चालू झाली. दादा ओट्यावरून म्हणाला, "थंड असताना होतेच चालू. चढावर गरम करून बंद कर आणि तिथे चालू करून दाखव. मग गिऱ्हाइकाला मी नाही म्हणतो."

छोटीने चढाच्या दिशेने पाहिलं.

"मी येतो," काउंटरवाला म्हणाला.

"घसरली तर?"

"माझ्या हातचं काम आहे. मी इथे उभा राहून वाट बघू?"

जीव मुठीत धरून तिने गाडी पळवली. वर, खाली, पुन्हा वर... तापमानाचा काटा चढला, केबिन तापली. ऊन कलतं झालं होतं. नेमक्या त्याच वळणावर तिने ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला. तो उतरला, तोच दगड शोधून चाकामागे लावला आणि परत शेजारी येऊन बसला. शर्ट आता पांढरा म्हणायच्या लायकीचा उरला नव्हता.

तिने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. पुन्हा तो कठडा, पुन्हा ती हवा.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही. फार."

का कोण जाणे, हे ऐकून तिला धीर आला. कोणी 'घाबरू नकोस' म्हटलं असतं तर आला नसता.

"चालू झाली तर तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"आणि नाही झाली तर?"

"तर... तोंड कसं दाखवणार?"

तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरलं, दोनदा घरघरलं... आणि गाडी धडधडत चालू झाली. छोटी ओरडलीच. हसत, रडत, स्टिअरिंगवर थापा मारत. पिकअप तिची होती!

शेजारी त्याचे ओठ हलले. इंजिनाच्या धडधडीत एक शब्द कळेल तर शपथ.

"काय?"

तो पुन्हा काहीतरी म्हणाला. कान मात्र लालबुंद झाले होते.

छोटीने आरशात पाहिलं. मागे उतार तसाच होता, कठडाही तिथेच होता. जी शांतता आठवून तिची झोप उडायची, ती त्याच चढावर, अर्ध्या वाटेत, तिने स्वतःच्या हाताने करून टाकली. इंजिन बंद केलं.

"आता म्हण," ती म्हणाली.

"अगं, पुन्हा नाही चालू झाली तर?"

"दगड लावलायस ना? मग म्हण."