चौथ्या बाजूचा हिरवा

घोलवडची जयश्री गाडी चालवायला शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, तीही नाइलाजाने. रामनाथच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा गेली, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता तो शेजारच्या सीटवर उशीला टेकून गुमान बसू लागला. त्याला दिवसाआड तलासरीला व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. वेळ चुकली की डॉक्टर पुढचा पेशंट आत घेई. मग बाकावर ताटकळून रामनाथचा पाय लाकडासारखा आखडे आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाई. म्हणून जयश्रीचा जीव सगळ्या वाटेत एकाच ठिकाणी अडकलेला असे. नाक्यावर.

घोलवडकडचा रस्ता महामार्गाच्या बाजूच्या रस्त्याला मिळतो तो हा नाका. रस्ते तीन, सिग्नल मात्र चार. चौथ्या बाजूला कधीतरी रस्ता होणार होता म्हणे. तो झाला नाही, खांब तेवढा उभा राहिला. खांबापलीकडे कमरेएवढ्या वाळल्या गवताचा माळ आणि लांब ताडांची रांग. तिन्ही रस्त्यांना हिरवा मिळे तो पापणी लवेपर्यंत. गवताला मात्र ऐसपैस. तेवढा वेळ तिन्हीकडची वाहनं उन्हात भाजत उभी, आणि मधला चौक रिकामा.

लोक पिसाळले होते. शिव्या आधी सिग्नलला, मग तो लावणाऱ्याला, मग शेजारच्या गाडीवाल्याला. मराठीत पेटलेलं भांडण गुजरातीत चढे आणि हिंदीत कॉलर धरे. कधी कुणाला ‘अरे’ न म्हटलेली जयश्रीसुद्धा काच खाली करून टेम्पोवाल्यांशी हुज्जत घालायला शिकली. हॉर्नवर तळवा ठेवला की तिला बरं वाटे.

“बाय, हॉर्न नको मारू,” कोपऱ्यावर ताडगोळे विकायला बसणारी सोमी एकदा म्हणाली. “तिकडला हिरवा हाय तवर नको.”

“का? तुझं काय जातं?”

“नको म्हटलं ना.” सोमीने पाठ फिरवली आणि कोयत्याने ताडफळ फोडू लागली.

त्यानंतर जयश्री नको नको म्हणताना त्या बाजूला बघू लागली. वारा नसे. ताडांच्या झावळ्या हलत नसत. पण तिकडचा हिरवा लागला की खांबापुढचं गवत आडवं होई आणि लाल झाला की हळूहळू उठे. ट्रकांची झळ असेल, असं तिने मनाशी म्हटलं. एकदा भर वैशाखात गाडीची काच धुरकटली. तिने आतून पुसली, तर धुरकटपणा बाहेरच्या बाजूने होता. तोंड लावून कुणी श्वास टाकावा तसा. आणि रामनाथ. ओटीवर बसलेला माणूस समोरून कुणी जाताना पाय आखडून घेतो ना, तसा तो त्या वेळात चांगला पाय जवळ ओढून घेई. डावा हात उचलून कुणाला तरी ओळख दिल्यासारखा हलवी.

“कोण आहे हो?” ती विचारी.

तो गवताकडे हात हलवत राही.

एके सकाळी पुढे मोटरसायकलवर नविन होता. तिच्या बागेतले चिकू खोक्यांत भरायला येणारा, दोन लेकरांचा बाप. गवताचा हिरवा लागला होता. मागून हॉर्नचा गदारोळ. जयश्रीचा पारा चढला.

“अरे जा ना नविन! कोण मरतंय तिकडून येऊन?”

नविन निघाला. चौकाच्या मधोमध त्याची गाडी रुतल्यासारखी थांबली. त्याने पाय टेकले. जत्रेच्या रेट्यात सापडल्यासारखा तो डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला, कोपरांनी वाट काढू लागला. भोवती डांबर आणि ऊन, बाकी काही नाही. मग तो आडवा झाला.

त्या बाजूचा लाल लागेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. हॉर्नही बंद पडले होते.

जयश्रीने त्याला उठवलं तेव्हा खरचटलंसुद्धा नव्हतं. शर्टाची बटणं तेवढी तुटली होती आणि पायांत चपला नव्हत्या. त्या मागाहूनही सापडल्या नाहीत.

“किती माणसं हो वहिनी,” तो म्हणाला. “एकानेपण वाट दिली नाय.”

त्या दिवसापासून लोकांच्या रागात भीती मिसळली, आणि राग दुप्पट झाला. नाक्यावर लोकांनी ठिय्या दिला. सगळ्यांत पुढे जयश्री. घसा फुटेस्तोवर ती ओरडली. अखेर शिडी घेऊन माणूस आला आणि त्याने चौथ्या खांबावरचा दिव्यांचा डबा उतरवला. टाळ्या पडल्या. कुणीतरी डब्यावर लाथ घातली.

सोमी टोपलीत ताडगोळे भरत होती.

“आता कुठे चाललीस? आता तर सुटलो,” जयश्री म्हणाली.

सोमीने टोपली डोक्यावर घेतली. “तुमी सुटलात,” ती म्हणाली. “त्यांनी आता जायचं कसं?”

ती परत त्या कोपऱ्यावर बसली नाही.

पुढच्या खेपेला जयश्री नाक्यावर आली तेव्हा लाल होता, पण तिला चिंता नव्हती. आता लगेच सुटणार. तिने समोर पाहिलं. बिनदिव्याच्या खांबापुढचं गवत आडवं झालेलं होतं. पार कडेपर्यंत. ते उठत नव्हतं.

मागून हॉर्न सुरू झाले.

रामनाथने मान वळवली. आजारपणापासून न वळलेली मान त्याने पार मागच्या सीटकडे वळवली.

“सरकून बसा,” तो म्हणाला. स्वच्छ, ठणठणीत आवाजात.

गाडीचा मागचा भाग हळूच खाली बसला.

जयश्रीने आरशात पाहिलं नाही. हिरवा लागला. कुणीतरी मागून आईवरून शिवी घातली. तिने गाडी सोडली, आणि खोक्यांनी ठासून भरलेल्या टेम्पोसारखी ती जड, कुंथत चौकातून निघाली.

स्टिअरिंगपुढच्या डॅशबोर्डवर लाल खूण लुकलुकू लागली. मागे बसलेल्याने पट्टा लावला नसला की ही गाडी टिकटिक करते.

टिकटिक चालू राहिली.

मग जयश्रीच्या पाठीमागे पट्टा सरसरत ओढला गेला, खट् झालं, आणि टिकटिक थांबली.