सेव्ह न होणारा ढावलो

आर्णीच्या तहसील कचेरीसमोर मैत्रेयीचं टायपिंगचं दुकान होतं. कापसाने जिल्ह्याची पार दैना केलेली ती वर्षं. मोठ्या शहरांतून पत्रकार यायचे, रडक्या बातम्या तिच्याकडून टाईप करून घ्यायचे, वर चहाही तिचाच पिऊन जायचे. मैत्रेयीला त्यांचा अगदी वीट आला होता. म्हणून धुरपताबाई एक कॅसेट घेऊन आली, तेव्हा तिने ते काम हौसेने घेतलं.

धुरपताबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिच्या नातीचं, वर्षाचं लग्न तोंडावर आलेलं. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. तो आता तांड्यात या म्हातारीशिवाय कुणालाच येत नव्हता. तिने तो कॅसेटमध्ये गायला होता. कागदावर उतरला की पोरी वाचून म्हणतील, एवढीच तिची आस.

"डीजेवर कोनी रडते काय?" ती म्हणाली. "मी गेली का हे बी गेलं. मंग आमची वर्षी मुक्यानंच सासरी जाईन."

ढावल्याच्या शेवटी नवरीला आईचा जबाब असतो, तो मात्र तिलाही येत नव्हता. तिची आई तिच्या लग्नाआधीच वारलेली. जबाब द्यायला कुणी नव्हतंच.

"तेवढी जागा कोरी ठेव, पोरी. कोनाले आठवलं तं भरू."

मैत्रेयीला बंजाऱ्यांची गोरबोली येत नव्हती. कानावर पडेल तसं ती लिहीत गेली. टायपिंग सरळ झालं, घोडं अडलं ते सेव्ह करताना. स्क्रीनच्या खालची पट्टी अर्ध्यावर यायची आणि तिथेच बसायची. दुपारी लोडशेडिंग, आणि दुकानातली बॅटरी केव्हाच मेलेली. सेव्ह होण्याआधी लाइन जायची आणि सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मैत्रेयी हार मानणारी नव्हती. फ्लॉपीऐवजी आधी कॉम्प्युटरमध्येच सेव्ह करून पाहिलं. फास्ट सेव्ह बंद केलं. टेम्पररी फायली झाडून काढल्या. मजकूर नव्या फाईलमध्ये चिकटवला. लोकांचे अर्ज चुटकीसरशी सेव्ह होत होते, ही एकच फाईल हटून बसली होती.

सेव्ह चालू असताना कॉम्प्युटरच्या डब्यातून बारीक घरघर यायची. एकदा तिने लक्ष देऊन ऐकलं. घरघर ढावल्याच्या चालीवर होती. तिने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. त्याची वायर काढून ठेवलेली होती.

ती उठून दारात जाऊन उभी राहिली. मग स्वतःवरच चिडून परत येऊन बसली. तिने गाण्याचे तुकडे केले आणि एकेक वेगळा सेव्ह करून पाहिला. काही झटक्यात झाले, काही अडले. अडलेल्या प्रत्येक तुकड्यात एक शब्द होता : गाडी. तोच शब्द तिने एका अर्जात टाकून पाहिला, तर अर्ज मुकाट्याने सेव्ह झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी धुरपताबाई आली. लाइन जायला थोडाच वेळ उरला होता. मैत्रेयीने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच कडव्याला म्हातारी हसायला लागली.

"गाडी कायले वं?"

"नवरी गाडीत बसून जाते ना, आजी. मला वाटलं, गाडीलाच म्हणते, नेऊ नको म्हणून."

"याडी हाये थे. आमच्यात मायले याडी म्हन्तेत."

मैत्रेयीने कपाळावर हात मारला. सगळ्या गाड्या एका फटक्यात बदलून तिने याडी केल्या आणि सेव्ह दाबलं.

पट्टी सर्रकन भरली.

"झालं, आजी!" ती खुर्चीतून उठलीच. म्हातारीचा हात धरून तिने गदागदा हलवला. इतक्या दिवसांचा शीण कुठल्या कुठे पळाला. प्रिंटरमधून शेवटचं पान बाहेर पडलं आणि लाइन गेली. जाईना का, आता तिला कोण विचारतो!

दारातल्या उजेडात तिने कागद वाचून दाखवले. म्हातारी डोळे मिटून मान डोलवत होती. शेवटचं कडवं संपलं.

त्याच्याखाली कोरी जागा नव्हती.

चार ओळी होत्या. फॉन्ट तोच. मैत्रेयीने त्या टाईप केल्या नव्हत्या. त्यांचा अर्थही तिला लागत नव्हता.

"वाच," डोळे न उघडता म्हातारी म्हणाली.

तिने वाचल्या. धुरपताबाईने ओढणी तोंडावर घेतली आणि मोठ्याने, मोकळ्या गळ्याने ढावलो सुरू केला, नवरीने करावा तसा. रस्त्यावरची माणसं थांबली. सत्तरीच्या बाईचा तो आवाज नव्हता. गाऊन झाल्यावर तिने चेहरा पुसला. ती हसत होती.

"पुरा झाला," ती म्हणाली. "आता वर्षी तोऱ्यात जाईन."

"काय लिहिलंय, आजी?"

म्हातारीने कागदाची नीट घडी केली.

"याडी म्हन्ते, किती दिस झाले, गाडीलेच हाका मारून राह्यली तू. मले कसं समजन, मलेच बलावते म्हून?"